बर्गीच्या हाती पाना

हातातला स्कॅनर खाली ठेवा. लॅपटॉपही. आपण जिथे चाललोय तिथल्या गाड्यांना वायर जोडायला जागाच नाही. इंजिनाचं काय दुखतंय ते तुमच्या कानाला, नाकाला आणि बोटांच्या पेरांना कळलं तर कळलं, नाहीतर गाडी रस्त्यातच बसणार आणि उस्ताद तुमच्या टाळक्यात टपली मारणार.

रेसच्या गाड्यांवर काम करायचंय ना तुम्हाला? कुठला कोर्स करू, कुठल्या टीमला अर्ज पाठवू, असं विचारून घरच्यांना भंडावून सोडलंय ना? मग डोळे मिटा. पन्नासेक वर्षं मागे जाऊ. पुणं नाही, मुंबई नाही, थेट कलकत्ता. शर्यतीसाठी म्हणून बांधलेला पक्का ट्रॅक देशात अजून झालेला नाही. विमानांसाठी आखलेल्या धावपट्ट्यांवरच शर्यती होतात. मद्रासकडे शोलावरम, मुंबईत जुहू, आणि इकडे कलकत्त्याच्या वर बराकपूर. विमानं आभाळात गेली की खाली सिमेंट उरतं, आणि त्यावर हौशी लोकांनी फियाटी पळवायला सुरुवात केली.

उघडा डोळे.

थंडी. दवाने भिजलेलं गवत तळपायांना झोंबतंय, कारण तुम्ही अनवाणी आहात. चारी बाजूंना मैदान आणि धुकं, आणि धुक्यात कोळशाच्या चुलींचा धूर मिसळून डोळ्यांत चुरचुरणारं काहीतरी. समोर फोर्ट विल्यम. आपले गड कसे लांबूनच छाती काढून उभे असतात. हा मात्र गवताच्या उतारामागे दडी मारून बसलाय, फक्त पाठ दिसते. आत कुठेतरी बिगुल वाजतो. पुढेमागे या किल्ल्याचं नाव विजयदुर्ग होणार आहे आणि त्याच्या सेंट जॉर्ज गेटाला लोक शिवाजी गेट म्हणणार आहेत. पण हे इथे कुणाला सांगू नका, खुळ्यात काढतील. मराठ्यांच्या धास्तीने याच शहराने 1742 साली खंदक खणायला घेतला होता. अर्ध्यावर आला तरी मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत. आज तुम्ही आलात, तेही चपला हरवून.

अंगाकडे बघा. वय सतराच्या आसपास, मनगटं काटकुळी, सदरा मामाचा जुना. मामा बडाबाजारच्या सोनापट्टीत गलाईचं काम करतात. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं वितळवायला देशभर पांगली, त्यातलेच ते. तुम्हाला गावाहून आणलं ते भट्टी शिकवायला. सहा महिने तुम्ही मूस धरलीत, भाता ओढलात, सोनारांच्या दुकानांतली झाडलोट चाळून धुळीतला सोन्याचा कण वेचलात. आणि मग एका दुपारी सर्क्युलर रोडवर उघड्या सायलेन्सरची एक गाडी तुमच्या कानाशेजारून गेली. ती अजून गेलेली नाही, कानातच आहे.

मामा म्हणाले, "सोनं सोडून लोखंडाच्या मागं लागलास, कर्मदरिद्री!" बरोबरच आहे त्यांचं.

आता मल्लिक बाजार. तो जुना खंदक बुजवून जो सर्क्युलर रोड झाला, त्याच रस्त्यावर पुढे पार्क स्ट्रीटच्या नाक्याशी हा बाजार. बर्गींना अडवायला खणलेल्या खंदकाच्या वाटेने एक बर्गी रोज सकाळी कामाला जातो. गॅरेजातल्या बंगाली पोरांनी तुमचं नाव तेच ठेवलंय. इथल्या आया पोरांना झोपवताना ज्यांची भीती घालायच्या ते मराठे घोडेस्वार म्हणजे बर्गी. "ए बर्गी, रेंज दे!" रेंज म्हणजे पाना. एवढं कळायलाच तुमचा पहिला आठवडा गेला.

वास घ्या. सगळ्यात वर रॉकेल, कारण सगळं रॉकेलनेच धुतात. त्याखाली जळकं ऑइल, जुनं रबर, बॅटरीचं आंबट ॲसिड, समोरच्या गाड्यावरची मोहरीच्या तेलातली भजी. दोन्ही बाजूंना मोडक्या गाड्यांच्या अवयवांचे डोंगर: दरवाजे एकावर एक रचलेले, हेडलाइटांचे डोळे पोत्यात भरलेले, गिअरबॉक्स ओळीने मांडलेले, माळव्याच्या बाजारात कोबी मांडावेत तसे. परदेशी सुटा भाग आणायचा म्हणजे लायसन, परवाना, कस्टम, आणि तोवर शर्यत आटपून वर्ष झालेलं. त्यामुळे हवी ती वस्तू या ढिगातून उकरायची, नाहीतर गंगेपलीकडे हावड्याला बेलिलियस रोडच्या लेथवाल्यांकडून कातून आणायची.

पगाराचा विषय काढू नका. दोन वेळा मातीच्या भांडातला चहा, दुपारी मुरमुरे, आणि रात्री गॅरेजच्या बाकावर झोपायची परवानगी. उस्ताद साठीचे. पांढरी दाढी एका बाजूला पिवळी पडलेली, ती विडीने. डाव्या हाताची करंगळी अर्धी, ती पंख्याच्या पट्ट्याने. बोलतात उर्दूमिश्रित हिंदुस्तानीत, आणि तेही गरजेपुरतं. तुमच्या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, "देख."

मग तुम्ही बघता. तीन महिने बघता आणि धुता. नट धुता, बोल्ट धुता, कार्बोरेटरच्या जेटमधून फुंकर मारता. जिभेवर पेट्रोलची चव बसते, ती भाताबरोबरही जात नाही. एकदाच उस्तादांनी पाना हातात दिला तेव्हा तुम्ही घोळ घातलात. ॲम्बॅसेडर इंचात, फियाट मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या नटावर तुम्ही तेराचा पाना लावलात. बसल्यासारखा वाटतो तो, जवळजवळ बसतोच. जोर लावला आणि नटाचे सहाही कोपरे गोल. उस्तादांनी शिवी दिली नाही. तो नट छिन्नीने कापून काढला आणि तुमच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. अजून आहे तिथे, चाचपून बघा.

गॅरेजात शर्यतीची गाडी एकच, एका कंपनीतल्या साहेबांची फियाट 1100. साहेब आठवडाभर टाय लावून चहाच्या पेट्यांचे हिशेब बघतात आणि रविवारी त्यांच्या अंगात येतं. गाडीतल्या मागच्या सीटा काढल्यात, गालिचा काढलाय, आतून नुसता पत्रा. आत बसलं की डब्यात कोंडल्यासारखं वाटतं. 1089 सीसीचं ते गरीब इंजिन. कुटुंबाला काली मंदिरात न्यावं, आणावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्याला उस्ताद पैलवान बनवतायत. हेडचा तळ चाळीस थाऊ घासायचा, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. वरची जागा कमी झाली की मिश्रण जास्त दाबलं जातं आणि धक्का जोराचा बसतो. हेड खांद्यावर टाकून गर्दीतून हावड्याचा पूल तुम्हीच ओलांडला होता. अॅल्युमिनियमचं होतं म्हणून निभावलं, ॲम्बॅसेडरचं बिडाचं असतं तर खांदा गेला होता. परत आल्यावर उस्तादांनी दवाखान्यातली काचेची पिचकारी काढली, हेडातल्या चारही खोल्यांत थेंब-थेंब रॉकेल भरून मोजलं, आणि जी खोली लहान निघाली ती पॉलिश कागदाने घासत बसले. दोन दिवस! चौघांना सारखं जेवण मिळालं पाहिजे, नाहीतर घरात भांडणं, असं काहीसं पुटपुटत.

बराकपूरला चार दिवस उरलेत. मोठा हेल्पर तापाने फणफणलाय. पहाटे चारला उस्ताद बाकाला लाथ मारतात. "उठ, बर्गी."

म्हणून तर आपण मैदानात उतरलो.

हा रेड रोड. एका बाजूला किल्ल्याची गवताळ पाठ, दुसऱ्या बाजूला नुसतं मैदान, आणि मधून दोरी धरून आखल्यासारखा सरळ रस्ता. युद्धात इथे लढाऊ विमानं उतरायची. उस्तादांनी स्वतः बघितलीत, आणि पहाटे या रस्त्याशी आले की ते अजूनही एकदा आकाशात बघून घेतात. आत्ता मेंढरांचा एक कळप आडवा चाललाय. रेसकोर्सचे दोन घोडे अंगावर झुली घेऊन वाफा सोडत फिरतायत, बरोबर मफलर गुंडाळलेले मोतद्दार. त्यांच्याकडे नीट बघून ठेवा. शर्यत घोडा जिंकतो, कप मालक नेतो, आणि घोड्याची लीद कुठल्या रंगाची पडली हे फक्त मोतद्दाराला ठाऊक असतं. पलीकडे खिदिरपूरची पहिली ट्राम घंटा वाजवत धुक्यातून जाते. खिडक्यांचे पिवळे चौकोन तेवढे दिसतात.

उस्ताद स्टिअरिंगवर. तुम्ही शेजारी पत्र्यावर उकिडवे, मांडीत प्लगचा पाना आणि चिंध्या. गाडी सुटते. आवाज पोटातून वर येतो, दात एकमेकांवर वाजतात, थंड वारा दारांच्या फटींतून सुरीसारखा आत. तिसरा. चौथा. पाय फळीपर्यंत दाबलेला. किल्ला उजवीकडून सरकत जातो. आणि एकदम उस्ताद किल्ली बंद करतात, क्लच दाबतात. सगळं गप्प. नुसते टायर गुणगुणतात. गाडी घरंगळत थांबते. "निकाल!"

यात खुबी आहे. पूर्ण वेगात असतानाच इंजिन मारलं की त्या क्षणाचा रंग प्लगवर तसाच राहतो. हळूहळू थांबवलं तर काजळी बसते आणि प्लग खोटं बोलतो. म्हणून तो लगेच, गरम असतानाच काढायचा. तुम्ही बॉनेट उचलता, पाना फिरवता, आणि घाईत प्लग सरळ बोटांनी धरता.

"आई गं!"

प्लग रस्त्यावर. बोटांच्या टोकांना पांढरे फोड. आणि मागून सायकलचा ब्रेक कचकन वाजतो.

"कुठलं रं तू?"

खाकी स्वेटर, कानटोपी, हँडलला दुधाची किटली. किल्ल्यातला हवालदार, ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीचा. गाव साताऱ्याकडचं. धुक्यात, परमुलखात, पहाटे पाच वाजता कुणीतरी मराठीत कळवळलं आणि त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तुमच्या बोटांवर त्यांनी किटलीतलं थंडगार दूध ओतलं. मग प्लग उचलून बॅटरीच्या उजेडात फिरवला. उस्तादही वाकले. दोन कसबी माणसं एकाच प्लगवर वाकली की त्यांना दुभाषा लागत नाही. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा फटक असता तर कमी आणि पिस्टन वितळायची भीती. हा चहात बुडवलेल्या खारीसारखा तपकिरी.

"बेश," उस्ताद म्हणाले. हवालदारमामांनी मान डोलावली.

जाता जाता हवालदारमामांनी विचारलं, "पोरा, नट किती आवळायचा रं?"

"घट्ट."

"घट्ट म्हंजे किती? तुझं घट्ट येगळं, म्हाताऱ्याचं येगळं." मग त्यांनी युक्ती सांगितली. लष्कराकडे मापाचे पाने असतात, ते तुला कोण देतंय. पण फूटभर लांबीचा पाना घे, टोकाला वजनाचा स्प्रिंगचा काटा अडकव, आणि काट्यावर तीस पौंड दिसेस्तोवर काटकोनात ओढ. झालं तीस फूट-पौंड. "हाताला कळतं म्हणत्यात सगळी. हात सकाळी येगळा असतो, सांजच्याला येगळा." सायकल धुक्यात गेली. किटली हलकी झाली होती, मेसमध्ये काय सांगितलं असेल कोण जाणे.

गॅरेजात आल्यावर इंजिन गरम आहे तोवर उस्ताद ऑइल सोडतात. काळी, वाफाळती धार घमेल्यात पडते. तुम्ही घमेलं उचलून कोपऱ्यात ओतायला जाता, आणि दारातून आलेलं कोवळं ऊन तिरपं त्याच्यावर पडतं.

थांबा. इथे घाई करू नका.

सहा महिने तुम्ही धूळ चाळलीत. सोनं कसं चमकतं, पितळ कसं, तांबं कसं, हे तुमच्या डोळ्यांना झोपेतही कळतं. काळ्या ऑइलवर धुळीहून बारीक अशी एक चमक फिरतेय. करडी असती तर चाललं असतं. नव्या जुळवणीत थोडं करडं निघतंच. पण ही तांबूस आहे.

तुम्ही तळहातावर थोडं घेता, अंगठ्याने पसरता, उन्हात तिरपं धरता. पोटात गोळा येतो, कारण आता बोलावं लागणार. तीन महिन्यांत तुम्ही उस्तादांना आपणहून काही सांगितलेलं नाही.

"उस्ताद. तांबा."

ते हसत नाहीत. चष्मा लावतात. तळहात नाकाशी नेतात, वास घेतात, पुन्हा उन्हात धरतात. त्यांना दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे सगळ्या गॅरेजला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बराच वेळ ते तुमच्या हाताकडे बघतात, मग तुमच्या तोंडाकडे.

"खोल."

ऑइल पॅन उतरवला. तुम्ही पाठीवर झोपून, चेहऱ्यावर टपटप थेंब. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकेक सोडवल्या. पहिली ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगची वाटी काढली तर तिचा वरचा मऊ करडा थर झिजून गेलेला, आणि खालचं तांबं उघडं पडलेलं, चवलीएवढं. बेअरिंगला तीन थर असतात: पाठीला पोलाद, मध्ये तांब्या-शिशाचा, वर मऊ धातूचा. वरचा गेला की तांबं क्रँकवर घासतं. बराकपूरच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता, आणि साहेब चहाच्या पेट्यांकडे कायमचे परतले असते.

कुणी पाठ थोपटली नाही. उस्तादांनी नुसती विडी शिलगावली आणि दुसरी तुमच्यापुढे धरली. तुम्ही ओढत नाही. तरी घेतलीत.

वाट्यांसाठी मल्लिक बाजार दोन दिवस पालथा घातला. शेवटी एका दुकानदाराने पेटीच्या तळातून मेणकागदात गुंडाळलेला न वापरलेला जोड काढला आणि त्याचे इतके पैसे सांगितले की उस्तादांनी मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं. रात्री वीज गेली. कंदिलाच्या उजेडात वाटी बसवली, मध्ये कागदाची अरुंद पट्टी ठेवून क्रँक अडकतो का फिरतो ते बघितलं. आणि टोपी आवळायची वेळ आली तेव्हा तुम्ही सोनापट्टीतून मामांकडून मागून आणलेला काटा पिशवीतून काढलात. मामांनी दिला, वर एक पिठल्याचा डबाही दिला. "कुठं वजन करतोस लोखंडाचं?" एवढंच विचारलं.

उस्ताद काटा उलटसुलट करून बघतात. चाळीस वर्षं त्यांनी हाताने आवळलंय. मग ते बाजूला सरकतात आणि कंदील वर धरतात. पाना तुमच्या हातात आहे. आकडे तुम्ही वाचायचेत, मोठ्याने.

बराकपूर. सकाळ. ट्रंक रोडने, ज्यूट गिरण्यांच्या भोंग्यांमधून, गाडी स्वतःच्या चाकांवर आलीय. दारावर चुन्याने आकडा काढलाय, तो अजून ओला. धावपट्टी इतकी रुंद आणि इतकी सपाट की डोळ्याला टेकायला जागा नाही. वळणांवर गवताचे भारे आणि पिंपं. लाउडस्पीकर घशात काहीतरी अडकल्यासारखा बोलतोय. ब्लेझर घातलेले साहेब, रेशमी साड्या, गॉगल, मोटारींच्या टपांवर चढलेली पोरं, भुईमूग, झालमुडीवाल्याचा डबा खडखडतोय. जावा आणि बुलेटी आधी पळतात. किनी लाल हे नाव जो तो घेतोय, कलकत्त्याचेच ते, लोटस रेसगाडीवाले. तुमच्या फियाटीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आणि मग वाऱ्यावर तो वास येतो. गोडसर, जळका, दाट. तुमचं पोट आपोआप आकसतं, कारण हा वास तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे: आजी, रविवारची सकाळ, नाक दाबून घशात ओतलेला चमचा. एरंडेल! खास शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल घालतात. तापलं तरी ते पातळ होऊन सटकत नाही. जगभरात शर्यतवेडी माणसं या वासाने पागल होतात. एकटे तुम्ही तेवढे परसाकडे पळायला जागा शोधताय.

झेंडा पडतो. वीस इंजिनं एकदम ओरडतात आणि जमीन तळपायांतून वर येते. धूळ, निळा धूर, रबराचा करपट वास. शर्यत तुम्हाला दिसत नाही. तुमच्यापुढे ब्लेझर आहेत, खांदे आहेत, छत्र्या आहेत. दोन्ही हातांत वाळूची बादली धरून तुम्ही मागे उभे आहात. तुमचं कामच ते आहे. पण डोळे मिटले तर त्या गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढता येतो, आपल्या पोराचा खोकला बाईला गर्दीतून ओळखू यावा तसा. तो लांब जातो. पिंपांशी खाली उतरतो, तिसरा गिअर. पुन्हा चढतो. पुन्हा येतो. तुम्ही तिसऱ्या रॉडची ठकठक ऐकायचा प्रयत्न करताय. फेऱ्या मोजायचं विसरलात.

टाळ्या कुणासाठी तरी वाजतात. फियाट टिकटिक करत, तापल्या पत्र्याची आच सोडत येऊन थांबते. कितवी आली ते साहेब ओरडून सांगतायत, पण तुमच्या कानांत अजून मोहोळ उठलेलं आहे. उस्ताद बॉनेट उचलतात, ऑइलची पट्टी ओढून काढतात, आणि न पुसता तुमच्यापुढे धरतात.

तुम्ही तळहात पुढे करता. फोडांची कातडी अजून हुळहुळती आहे. गरम थेंब पडतो. अंगठ्याने पसरा, हात उन्हात तिरपा धरा.

काळं. नुसतं काळंभोर.

उस्ताद विचारत नाहीत. तुमच्या तोंडाकडे बघतात, पट्टी परत आत सारतात आणि बॉनेट आदळतात. "चल, बर्गी," म्हणतात, आणि या वेळी पान्यांची पिशवी तुमच्या खांद्यावर टाकतात.